कागदी वीरगळ

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या कपाटात परमवीरचक्र मिळवलेल्या सैनिकांवरची काही पुस्तके आली. गावातल्याच एका सद्गृहस्थाने ती देणगीदाखल दिली होती. मोठा टाइप, पानोपानी चित्रे, मुखपृष्ठावर धुराचे लोट. आठवडाभरात ती हातोहात गेली, आणि मास्तर म्हणून मला आनंदच झाला. कारण आमच्या कपाटातल्या पुस्तकांना बहुधा वाळवीच अधिक आस्थेने वाचते. मग एके दिवशी सातवीतल्या एका मुलाने पुस्तक परत करताना मला सांगितले, "गुरुजी, पुस्तक झकास आहे. पण तो राण्यांचा धडा तेवढा मिळमिळीत आहे. त्यांनी नुसता रस्ता केला."

मी हसलो आणि पुस्तक वहीत जमा करून घेतले. घरी जाताना मात्र ते वाक्य माझ्याबरोबर चालू लागले. ह्या मुलाचा बाप रस्त्यावर मैलकुली आहे. पावसाळ्यात खचलेल्या कडेला खडी-मुरूम टाकणे हे त्याचे काम. रस्ता म्हणजे काय हे त्या मुलाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. असे असूनही 'नुसता रस्ता' हे शब्द त्याच्या तोंडून सहज आले. ते त्याला कोणी शिकवले? मी तर नव्हे. मग पुस्तकानेच शिकवले असले पाहिजेत.

एवढ्या एका संशयावरून मी ह्या वाङ्मयाच्या मागे लागलो. शाळेतली पुस्तके वाचली. पुण्याहून दोन-चार इंग्रजी पुस्तके मागवून, शेजारी कोश ठेवून, तीही वाचून काढली. मी लष्करी विषयाचा जाणकार नाही; लढाई मी चित्रपटाबाहेर पाहिलेली नाही. पण कादंबऱ्या लिहिण्याचा उद्योग करणाऱ्या माणसाला, एखादा माणूस कागदावर जिवंत उभा आहे की त्याला नुसता टेकून ठेवला आहे, एवढे कळायला हरकत नसावी. ह्या लेखात जे म्हणतो आहे ते तेवढ्याच अधिकाराने.

आमच्या गावाबाहेर भैरवनाथाच्या देवळामागे चार वीरगळ आहेत. महाराष्ट्रात असे दगड ठिकठिकाणी दिसतात. खालच्या चौकटीत वीर लढतो आहे किंवा पडला आहे; मधल्या चौकटीत अप्सरा त्याला हात धरून वर नेत आहेत; वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे; आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. त्याची कीर्ती ते असेतोवर राहील, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. गाव कोणते, माणूस कोण, गाई कोणाच्या होत्या, काहीच कळत नाही. शिल्पी एका ठरावीक साच्याने दगड घडवी, आणि त्या साच्यात कोणताही वीर बसे. मात्र एक अट असे. तो मेलेला असला पाहिजे.

परमवीरांवरची पुस्तके वाचता वाचता मला सारखा हा दगड आठवू लागला. कारण साचा तोच आहे. आरंभी बालपण: मुलगा लहानपणापासूनच निडर, साप धरणारा, पुरात उडी घेणारा. मग रणांगण. मग मृत्यू आणि अखेरचे शब्द. मग राष्ट्रपतिभवन, वीरपत्नीच्या किंवा वृद्ध पित्याच्या हाती पदक. आणि शेवटी तो अमर झाल्याचे आश्वासन. अप्सरांच्या जागी लष्करी बँड आला आहे, एवढाच फरक. चेहरा इथेही पुसट आहे. एका धड्यातले बालपण दुसऱ्या धड्यात नेऊन लावले तरी वाचकाच्या लक्षात येणार नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, की पुस्तकाचा काय दोष? परमवीरचक्र ज्यांना मिळाले त्या २१ जणांपैकी १४ जणांना ते मरणोत्तरच मिळाले. मरणाविषयी लिहायचे नाही तर कशाविषयी लिहायचे? प्रश्न रास्त आहे. शिवाय ह्या पदकाच्या रूपातच मरण कोरलेले आहे. त्याची आकृती सावित्रीबाई खानोलकरांनी काढली. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर ह्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या आणि आपल्या पुराणांत रमल्या. पदकावर त्यांनी इंद्राचे वज्र घातले. हे वज्र दधीचीच्या अस्थींचे. म्हणजे आधी ऋषीने देह ठेवायचा, तेव्हा शस्त्र घडायचे. प्रतीक सुंदर आहे. पण प्रतीकाचा हा कल पुस्तके फारच मनावर घेतात.

म्हणून थोडे मागे जाऊन पाहू. ज्या पदकाच्या जागी आपले परमवीरचक्र आले, त्या व्हिक्टोरिया क्रॉसचा जाहीरनामा १८५६ सालचा. त्यात मेलेल्याला पदक देण्याची तरतूदच नव्हती. पदक होते ते पराक्रम करून जिवंत राहिलेल्यासाठी. जो पराक्रम करताना पडला त्याच्याविषयी फार तर एवढी नोंद होई, की हा वाचला असता तर त्याचे नाव पुढे गेले असते. मरणोत्तर पदकाचा प्रश्न सुटायला १९०७ साल उजाडले. हिंदी सैनिकांना हे पदक १९११ पासून मोकळे झाले, आणि खुदादाद खानाला ते १९१४ च्या ऑक्टोबरातल्या बेल्जममधल्या लढाईबद्दल मिळाले, तेही जिवंतपणी. मेल्व्हिन चार्ल्स स्मिथ ह्या अभ्यासकाने २००८ साली ह्या पदकाचा इतिहास लिहिला. त्याचे म्हणणे असे, की शौर्याची कल्पनाच काळाबरोबर बदलत गेली. आरंभी जखमी सोबत्याला वाचवून आणणे हे मोठे शौर्य गणले जाई, पुढे शत्रूला मारणे आणि लढाई जिंकून देणे ह्यांचे वजन वाढत गेले. म्हणजे शौर्य आणि मरण ह्यांची गाठ काही ब्रह्मदेवाने मारलेली नाही. ती माणसांनी मारली, आणि ती पुस्तकांतून घट्ट होत आली आहे.

ह्या गाठीचा पहिला बळी म्हणजे सत्य. आपल्याच मराठा पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे ह्यांचे उदाहरण घ्या. कुलाब्याकडचा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातला, बावीस वर्षांचा तरुण. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तो सोडून तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. तो एकटा धावला. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. पुढे बंदुकीत काडतुसे भरायलाही वेळ उरला नाही, तेव्हा नळी हातात धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो त्याच जागी पडला. हे सरकारी प्रशस्तिपत्रात सरळ लिहिले आहे. आता मुलांची पुस्तके पाहा. तिथे घाडगे 'शत्रूवर तुटून पडतात' आणि 'शत्रूचा नायनाट करतात'. दस्ता गेला, आणि त्याबरोबर ती दोन माणसेही गेली. ज्याने आयुष्यात कदाचित भात लावला असेल, बैल हाकले असतील, अशा बावीस वर्षांच्या मुलाने दोन माणसांना हाताने मारले, आणि त्यानंतर त्याला श्वास घ्यायलाही अवधी मिळाला नाही. ही घटना जेवढी शूर आहे तेवढीच भयंकर आहे. तिच्यातले भयंकर काढून टाकले की शूरही निघून जाते. मागे उरतो तो 'तुटून पडणे' हा वाक्प्रचार.

सातवीच्या मुलांना दस्त्याची गोष्ट सांगावी काय, हा प्रश्न मला मास्तर म्हणून पडला, आणि त्याचे उत्तर सोपे नाही. पण जी सांगता येत नाही ती गोष्ट खोटी करून सांगावी, हे त्याचे उत्तर खास नव्हे. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ साली घाडगे ह्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले, आणि आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत अशा अर्थाचे वचन त्यासाठी निवडले. ज्यांच्या भूमीवर ते रक्त सांडले त्यांनी वीरगळावरचा सूर्य घेतला, आणि तो दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांना सारखा वाटून दिला. आपल्या पुस्तकांपेक्षा त्या गावाची जाण मला अधिक प्रौढ वाटली.

दुसरा बळी म्हणजे जिवंत राहिलेला माणूस. त्याच पलटणीचे शिपाई नामदेव जाधव ह्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, चढणीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी नेले, आणि मग परत फिरून शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब फेकले, आणि शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. ते जगले, १९८४ पर्यंत जगले. जखमींना वाचवणे आणि शत्रूला मारणे, दोन्ही काळांचे शौर्य ह्या एका माणसात एका दिवशी आले होते. पण मी पाहिलेल्या पुस्तकांत घाडग्यांना दोन पाने आणि जाधवांना दोन परिच्छेद! पुढची एकोणचाळीस वर्षे त्या माणसाने त्या एका दिवसाचे काय केले असेल, हे कोणाला विचारावेसेही वाटले नाही. साच्यात त्याला चौकट नाही.

आणि आता राणे.

रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंदिया गावचे, पोलीस शिपायाचे चिरंजीव. १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये शिपाई म्हणून गेले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले आणि १९४७ च्या डिसेंबरात अधिकारी झाले. १९४८ च्या एप्रिलात नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते, आणि वाट सुरुंगांनी, तोडून आडव्या टाकलेल्या झाडांनी, उडवलेल्या मोऱ्यांनी बंद केलेली होती. ती मोकळी करण्याचे काम राण्यांकडे आले. त्यांचे प्रशस्तिपत्र मी पाच वेळा वाचले. सबंध परमवीर-वाङ्मयात मला त्याच्या तोडीचे गद्य क्वचितच आढळले, आणि ते लिहिणाऱ्याचा वाङ्मय लिहिण्याचा मुळीच इरादा नव्हता.

ते घड्याळाने लिहिलेले आहे. ८ एप्रिल, सकाळी अकरा: काम सुरू होण्यापूर्वीच उखळी तोफांचा मारा, दोघे ठार, पाच जखमी, त्या पाचांत स्वतः राणे. तुकडी पुन्हा लावून काम सुरू. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास बरवाली टेकडी हाती येते. लगेच रणगाड्यांसाठी वळणरस्ता करायला घेतला, रात्री दहापर्यंत. ९ एप्रिल, सकाळी सहा: पुन्हा काम, दुपारी तीनला वळणरस्ता तयार. अर्ध्या मैलावर झाडांचा अडसर, उडवला. तीनशे यार्डांवर आणखी एक, तोही उडवला. पुढे मोडलेली मोरी. सव्वासहाला उजेड जातो, आणि समोर पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. रणगाड्यांचा प्रमुख तिथे ताफा थांबवतो. १० एप्रिल, पहाटे पावणेपाच: पुन्हा तीच झाडे, साडेसहाला वाट मोकळी. पुढचे हजार यार्ड साडेदहापर्यंत. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून पुढे निघतात आणि दुपारी दोनला चिंगसला पोचतात. राणे मात्र मागच्या गाड्यांसाठी रस्ताच करीत राहतात, अन्न आणि विश्रांतीवाचून, रात्री नऊपर्यंत. ११ एप्रिल, सकाळी सहा: पुन्हा काम. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. आणि त्याच्या पुढचा रस्ता रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी राजौरी हाती आली.

हे गद्य सर्वस्वी निर्दोष आहे असे नाही. मधूनमधून त्या कारकुनी लेखणीलाही राहवत नाही, आणि ती अमानुष प्रयत्न, अतुल धैर्य असले शब्द टाकून जाते. पण ते शब्द सोडून दिले तरी काहीच कमी होत नाही, हीच त्या लिखाणाची ताकद. 'पुन्हा सहाला काम सुरू' ह्या साध्या वाक्यात जे आहे ते विशेषणांत मावत नाही. कारण धावत जाऊन एका क्षणात मरणाला मिठी मारायला एकदाच निश्चय करावा लागतो. जखमी अंगाने झोपून उठायचे, आणि काल जिथे मशीनगन चालू होती तिथेच जाऊन पुन्हा जमीन चाचपायची, हा निश्चय रोज पहाटे नव्याने करावा लागतो. त्यात हाताखाली बोटाएवढी चूक झाली की सारे संपले. राण्यांच्या त्या चार दिवसांच्या कागदात त्यांनी कोणाला मारल्याची नोंद नाही. त्यांनी वाट केली.

ह्या माणसाचे काय करावे हे पुस्तकांना कळत नाही. मुलांच्या पुस्तकाने वेळा काढून टाकल्या आणि राण्यांनाही 'सिंहासारखे' केले. काही ठिकाणी रणगाड्याखालून सरपटत, दोरांनी चालकाला इशारे देत ते सुरुंगांमधून पुढे गेले, ही हकीकत येते. प्रशस्तिपत्रात ती नाही. पण प्रसंग असा विलक्षण आहे, की सगळे तिथेच थांबतात आणि बाकीचे साडेतीन दिवस चार ओळींत उरकतात. म्हणूनच माझ्या विद्यार्थ्याला तो धडा मिळमिळीत वाटला. ज्या वस्तूने तो धडा उभा राहिला असता ती वस्तू, म्हणजे वेळ, लेखकाने काढून घेतली होती.

हे मला एकट्याला सुचले असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नव्हे. आमच्या गावात एक निवृत्त हवालदार आहेत. दर पंधरा ऑगस्टला आम्ही त्यांना व्यासपीठावर बसवतो आणि ते दरवर्षी तेच भाषण करतात. एका संध्याकाळी मी त्यांना मुलांच्या पुस्तकातला राण्यांचा धडा वाचून दाखवला, आणि त्याच्या पाठोपाठ प्रशस्तिपत्र मराठीत सांगितले. पहिले ऐकताना ते तंबाखू मळत होते. दुसऱ्याच्या वेळी हात थांबला. "हे खरं आहे," ते म्हणाले, "ह्यात टाइम आहे. मास्तर, फायर चालू असला ना, की माणूस सारखा घड्याळ बघतो. अंधार पडायला किती वेळ, उजाडायला किती वेळ. पुस्तकातल्या माणसाला घड्याळच नसतं." भाषणात ते हे कधीच बोलत नाहीत. मी कारण विचारले, तर म्हणाले, "तिथं पोरं टाळ्या वाजवायला बसलेली असतात."

ह्या वाङ्मयात चांगले काहीच नाही असा समज होऊ नये. इयान कार्डोझो ह्यांचे २००३ सालचे 'परमवीर' हे इंग्रजी पुस्तक पाहा. हा गृहस्थ स्वतः गुरखा पलटणीचा. १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडला आणि निकामी झालेला पाय त्याने स्वतःच्या कुकरीने तोडला. अशा माणसाला शौर्याविषयी बोलायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि त्याच्या पुस्तकात टेकडी, ओढा, चौकी आपापल्या जागी आहेत. लढाई का झाली हे कळते. पण स्वतःच्या पायाविषयी लिहिताना हा माणूस जी गंमतीदार तटस्थता ठेवतो, ती दुसऱ्यांविषयी लिहिताना त्याला ठेवता येत नाही. तिथे आदर आडवा येतो. रचना बिश्त रावत ह्यांचे २०१४ सालचे 'द ब्रेव्ह' मला अधिक जवळचे वाटले. ह्या बाई घरोघर गेल्या, सोबत्यांशी आणि नातलगांशी बोलल्या. त्यामुळे मधेच एखादी खोली, एखादे जुने पत्र, एखादी म्हातारी दिसते, आणि त्या एका क्षणात तो मेलेला मुलगा कोणाचा तरी मुलगा होतो. तरीही शेवटाला साचा आपले काम करतोच.

परदेशातही हीच अडचण आहे, पण तिथे मला एक सुटलेला माणूस भेटला. ऑडी मर्फी. अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला टेक्ससचा गरीब शेतमजूर. १९४९ साली 'टू हेल अँड बॅक' हे त्याचे पुस्तक निघाले. लिहिताना त्याला डेव्हिड मक्लूर ह्या मित्राची मदत होती. पुस्तक आपल्या पदकांविषयी बोलतच नाही. बोलते ते सोबत्यांविषयी, चिखलाविषयी, भुकेविषयी, विनोदाविषयी. ते वर्तमानकाळात लिहिलेले आहे, आणि ही काही कलेची हौस नसावी. त्याच्यासाठी ती लढाई संपलीच नव्हती. पुढे तो चित्रपटांतला नट झाला, १९५५ साली ह्याच पुस्तकाच्या चित्रपटात त्याने स्वतःचीच भूमिका केली, आणि रात्री मात्र उशाखाली भरलेले पिस्तूल ठेवून झोपण्याची धडपड करीत राहिला. पुढे हे त्याने जाहीरपणे सांगितले, आणि लढून आलेल्या माणसांच्या मनाकडे सरकारने पाहावे म्हणून तो बोलत राहिला. मला वाटते, हे त्याचे दुसरे शौर्य, आणि त्याला पदक नाही.

आपल्याकडे ह्या दुसऱ्या शौर्याचे साहित्य जवळजवळ नाही, आणि विषय तर दाराशी येऊन उभे आहेत. मेजर धनसिंग थापा २० ऑक्टोबर १९६२ रोजी पँगाँग सरोवराकाठच्या सिरिजापला लढले. ते पडले असे समजून परमवीरचक्र मरणोत्तर म्हणून जाहीर झाले; ते तर चीनच्या कैदेत होते, आणि पुढच्या वर्षी परतले. १९९९ साली टायगर हिलवर जखमांनी चाळण झालेले योगेंद्रसिंग यादव ह्यांचेही पदक आधी मरणोत्तर म्हणूनच जाहीर झाले, आणि ते इस्पितळात खाटेवर होते. ह्या दोन गोष्टी पुस्तके योगायोगाच्या गमती म्हणून सांगतात. पण जरा विचार करा. आपण मेलो अशी सरकारी नोंद झाली आहे, दगड घडून तयार आहे, आणि आपण त्याच्यासमोर उभे आहोत, आता ह्या दगडाचे आणि आपले कसे जमायचे, ह्याहून मोठी कादंबरी कोणती? आणि ह्याची उलट बाजू रेझांग लाची. १८ नोव्हेंबर १९६२ ला तिथे मेजर शैतानसिंग आणि त्यांची कुमाऊं पलटणीची कंपनी जवळजवळ सबंध पडली. जे थोडे वाचून आले त्यांच्या सांगण्यावर आधी विश्वास बसेना. पुढे बर्फातली प्रेते सापडली, हातांत शस्त्रे तशीच होती. तेव्हा लोकांना पटले. जिवंत माणसाची साक्ष आपल्याला पुरत नाही. आपण दगडावर विश्वास ठेवणारे लोक आहोत.

दुसऱ्यांचे दोष काढून झाल्यावर स्वतःचा सांगितला पाहिजे. बारा वर्षांपूर्वी मी एका कादंबरीत एक सैनिक घातला. शेवटच्या प्रकरणाआधी मी त्याला मारले. ते प्रकरण लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि त्या पाण्याचा मला बरीच वर्षे अभिमान वाटत होता. वर सांगितलेल्या हवालदारांनी ती कादंबरी वाचली आणि चार दिवसांनी परत आणून दिली. म्हणाले, "चांगली आहे. पण मास्तर, तुमचा माणूस फार लवकर मरतो. मेला की सुटला. आणि तुम्हीही सुटलात." त्या वेळी मला त्यांचा राग आला. आज कळते, की त्यांनी माझ्यावर लिहिलेली ती सर्वांत नेमकी समीक्षा होती. मेलेला माणूस लिहायला सोपा असतो. तो उलट बोलत नाही, म्हातारा होत नाही, पेन्शनच्या कागदासाठी तालुक्याला खेपा घालत नाही. मी सैनिकाचा गौरव केला नव्हता. त्याला चालवत पुढे नेण्याचे कष्ट टाळले होते.

ह्या पुस्तकांविरुद्ध माझी तक्रार आहे ती एवढीच. ती देशभक्ती शिकवतात हा त्यांचा दोष नव्हे. ती अवश्य शिकवावी. पण आमच्या वर्गातली दोन-तीन मुले दरवर्षी भरतीला जाण्याची स्वप्ने बघतात, आणि त्यांतली काही खरोखरच जातात. त्यांच्या मनात हा साचा बसला, तर पहिल्या रात्री पाय लटपटले की त्यांना वाटणार, आपण त्या पुस्तकातले नव्हे. आणि जिवंत परत आले, की वाटणार आपली गोष्ट अपुरी राहिली. मास्तर म्हणून मला ह्याची भीती वाटते. ज्या पुस्तकात भीतीला जागा नाही ते शूर माणसाच्या उपयोगाचे नाही. कारण भीती जिथे नाही तिथे शौर्याला करायचे काय उरले?

गेल्या महिन्यात मी सातवीच्या गणिताच्या तासाला फळ्यावर राण्यांच्या चार दिवसांचे कोष्टक मांडले. काम सुरू, काम बंद. ९ तारखेला ताफा थांबला तीच कामाची अखेर धरली. मुलांनी बेरीज केली. अकरा तास, सव्वाबारा, सव्वासोळा, सोळा, एकूण साडेपंचावन्न. पहिल्या अकरापासून शेवटच्या दहापर्यंत मोजले तर ८३ तास. त्यातले साडेपंचावन्न मशीनगनसमोर, सुरुंगांत. वर्गात थोडी कुजबुज झाली. मैलकुलीचा मुलगा फळ्याकडे पाहत होता. त्याने विचारले, "गुरुजी, जखम कितव्या तासाला?"

"पहिल्या," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत कपाटापाशी आला आणि ते पुस्तक पुन्हा मागून घेऊन गेला. मी वहीत नाव लिहिले, आणि प्रशस्तिपत्राचे माझे हस्तलिखित भाषांतर घडी घालून त्या धड्याच्या पानांत ठेवून दिले.